युनिव्हर्सिटीचं रिसर्च किती भारी ते कसं बघायचं?

खानापूरकर: नमस्कार मंडळी, बहिणीला पीएचडी करायचीय. एक सर म्हणाले युनिव्हर्सिटीचा इम्पॅक्ट फॅक्टर बघा, दुसरे म्हणाले एच-इंडेक्स बघा, आम्हाला दोन्हीतलं काय कळंना. सांगा की कोणीतरी.

शहापूरवाली: इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो हो, युनिव्हर्सिटीचा नव्हे! त्या जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरात उल्लेख, मिळतात त्याचा तो आकडा. एच-इंडेक्स मात्र संशोधकाच्या पेपरवरनं काढतात, तो हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं २००५ मध्ये काढला. समजा पाच पेपर, सायटेशन ४०, १२, ५, ४ आणि १, तर एच-इंडेक्स ४, कारण चार पेपरना निदान चार-चार सायटेशन हायत. तो ४० वाला कितीबी गाजला तरी आकडा हलत नाही बघा.

निपाणीचा दादा: आणि विषयाविषयात फरक पडतो की. मेडिकलला सायटेशन भराभर मिळतात, मराठी-इतिहासवाल्यांना कुठनं मिळणार. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नको, आपल्या बेळगाव जिल्ह्याचंच बघ, खेड्यातल्या १६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल ह्या, बाळंतपणातला रक्तस्राव रोखायच्या गोळीची चाचणी झाली, नर्सबाईंनी गोळी दिली, अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आला. २००६ ला 'लॅन्सेट' ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापलं, २०११ ला डब्ल्यूएचओनं ह्या वापरासाठी गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ह्याला म्हणायचं इम्पॅक्ट.

खानापूरकर: आयला, हे घरात कुणालाच म्हाईत नव्हतं! मग बहिणीनं नेमकं काय बघायचं?

शहापूरवाली: गाईडचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढून बघ, त्यात विद्यार्थ्यांची नावं पहिली हायत का ते. आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन लाव, ते खरं सांगतात.