‘डिस्कस अबाउट’ चूक, मग ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर कसे?

प्रश्न (रावेर):
सप्रेम नमस्कार. केळी निर्यात करणाऱ्या एका पेढीत मी पत्रव्यवहार पाहतो. परवा एका परदेशी खरेदीदाराला लिहिताना मी ‘वी डिस्कस्ड अबाउट द रेट’ आणि शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टु रिसीव्ह युअर ऑर्डर’ असे लिहिले. दोन्ही वाक्ये चुकल्याचे पुण्यात शिकणाऱ्या पुतणीने दाखवले. मात्र ‘डिस्कशन अबाउट द रेट’ बरोबर आहे, असेही तीच म्हणते. ‘टु’पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, असे आम्ही शाळेत पाठ केले होते. मग नियम कोणता मानावा?

उत्तर (भुसावळ):
पुतणीचे बरोबर आहे. मराठीत आपण ‘दराविषयी चर्चा केली’ म्हणतो आणि त्या ‘विषयी’ला इंग्रजीतही जागा करून देतो; परंतु ‘डिस्कस’ हे क्रियापद सकर्मक असल्याने त्याला कर्म थेट जोडले जाते, म्हणून ‘वी डिस्कस्ड द रेट’ एवढेच पुरे. नामाला असे कर्म घेता येत नाही, म्हणून ‘डिस्कशन’ला ‘अबाउट’चा आधार लागतो. ‘रिक्वेस्ट’चेही तसेच आहे: ‘अ रिक्वेस्ट फॉर पेमेंट’, पण ‘वी रिक्वेस्ट पेमेंट’.

‘लुक फॉरवर्ड टु’मधला ‘टु’ आपल्या ‘कडे’सारखा आहे, त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजी लावलेले रूप येते, म्हणजे ‘टु रिसीव्हिंग’. शंका आल्यास ‘टु’पुढे ‘इट’ ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टु इट’ बसते, ‘वाँट टु इट’ बसत नाही.

उत्तर (धुळे):
‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ही काढावा. ‘प्लीज रिव्हर्ट’बद्दल मी इतका कठोर नाही, कारण ‘उत्तर द्यावे’ हा त्याचा अर्थ आपल्या कार्यालयांत रुळलेला आहे. परदेशी वाचकाला मात्र त्यातून ‘पूर्वस्थितीला जावे’ असे वाटू शकते, तेव्हा तेथे ‘रिप्लाय’ लिहावे.

प्रश्नकर्ता (रावेर):
आभारी आहे. ‘इट’ची कसोटी जुन्या पत्रांना लावली, तेव्हा आणखी एक उलगडा झाला. आम्ही माल नेहमी १३ किलोच्या खोक्यांत भरतो, हे सांगण्यासाठी मी ‘वी यूज्ड टु पॅक’ लिहिले होते. त्यावर ‘मग आता कशात भरता?’ असे खरेदीदाराने विचारले, तेव्हा तो मुद्दाम खोचकपणे विचारतो आहे, असे मला वाटले होते.

उत्तर (भुसावळ):
त्याने ‘पूर्वी भरत असू’ असेच वाचले असणार. तेथे नुसते ‘वी पॅक’ लिहावे. सवयच सांगायची असेल, तर ‘वी आर यूज्ड टु पॅकिंग’.