गाडीसाठी स्वस्तातली गॅजेट्स: गरज की नुसती खाज?

अर्धा क्लच
काल इथे एका सद्गृहस्थांनी 'प्रत्येक गाडीत हवीतच अशी बारा स्वस्त गॅजेट्स' ही यादी टाकली. दावा असा, की ही बारा घेतली की गॅरेजचं तोंड बघायला नको, आणि बाराचा मिळून खर्च एका सर्व्हिसिंगहून कमी. खाली 'मागवलं', 'हेच शोधत होतो' म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण ते लांबलं आणि डोकंही तापलं, म्हणून वेगळा धागा.

यादीत तिसऱ्या क्रमांकावर पेट्रोल वाचवणारा डोंगल आहे. ओबीडी पोर्टात, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या खाचेत, खुपसायचा, दिवा लुकलुकला की मायलेज वाढलं! असले डोंगल लोकांनी उघडून पाहिलेत. आत एक बटण, दोनचार एलईडी आणि त्यांना लुकलुकवणारी चिप. गाडीच्या कॉम्प्युटरशी तो एक शब्द बोलत नाही. त्याच्या खालोखाल इंधनाच्या नळीवर बसवायचं लोहचुंबक. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणं तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. आणि आपले सद्गृहस्थ म्हणतात, 'मला फरक जाणवला.' जाणवणारच. पैसे दिल्यावर माणूस ॲक्सिलरेटर हळू दाबतो.

मग ब्रेक फ्लुइड तपासायचं पेन. टोक बुडवा, हिरवा दिवा आला की निर्धास्त. हे पेन विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून पाणी किती मुरलंय याचा अंदाज बांधतं. फ्लुइडमधली रसायनं बदलली की वाहकताही बदलते. आपल्याला काळजी उकळबिंदूची. डॉट ४ हा फ्लुइडचा प्रकार ताजा असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ चालतं. एवढा फरक तुम्ही एका हिरव्या दिव्यावर सोपवणार? मॅन्युअलमध्ये मुदत दिलेली असते, ती झाली की बदला, विषय संपला.

टायरच्या हवेचं मीटर सोडलं तर ही सगळी यादी डिकीतला कचरा आहे. लोक वस्तू मागवतात, खोक्यासकट टाकून ठेवतात आणि देखभाल झाली असं समजतात.

रविवारचा मेकॅनिक
वा! चुंबक आणि कोड रीडर, म्हणजे ओबीडी पोर्टातून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, एकाच पोत्यात भरून बडवायचे, म्हणजे वाद सोपा होतो.

माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला. एका गॅरेजने इंजेक्टर साफ करायला सांगितले, दुसऱ्याने सेन्सर बदलायला. मग स्वस्तातला ब्लूटूथ रीडर आणला. पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. दिव्याच्या वेळची नोंद पाहिली तर गाडी आयडलिंगला होती. बॉनेट उघडून व्हॅक्यूमच्या नळ्या चाचपल्या, एक वळणावर तडकलेली. बोटभर रबरी नळी बदलली, दिवा गेला तो आजतागायत नाही. रीडरचे पैसे तिथेच वसूल. ओबीडी-२ अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं आहे, ते काय फक्त गॅरेजवाल्यांच्या सोयीसाठी?

तेलकट हात
गॅरेज चालवतो, म्हणजे इथल्या हिशेबाने लुटारू. तरी लिहितो.

रोज कोणीतरी फोनवर कोड दाखवत येतो. 'पी०४२० आलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला.' अहो, पी०४२० एवढंच सांगतो की धूर स्वच्छ करणाऱ्या त्या कन्व्हर्टरचं काम कमी पडताना दिसतंय. कधी ते दाखवणारा मागचा ऑक्सिजन सेन्सरच म्हातारा झालेला असतो, कधी एक्झॉस्टच्या जोडातून गळती असते. कोड म्हणजे रुग्णाची तक्रार आहे, निदान नाही. त्याहून ताप म्हणजे कोड पुसून येणारे. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मग म्हणतात, काल दिवा होता, आज नाही, शोधा. काय शोधू?

आणि स्वस्तातले बरेचसे रीडर इंजिनच्या कोडांपलीकडे वाचत नाहीत. एबीएस, एअरबॅगचा दिवा समोर पेटलेला असतो आणि हे म्हणतात, 'ॲपमध्ये तर सगळं ओके आहे.'

रविवारचा मेकॅनिक
पुसू नये हे मान्य, मी आधी स्क्रीनशॉट काढतो. पण 'कोड म्हणजे निदान नाही' हे प्रवचन देणारे तुम्ही लोक बिलावर कोणता कोड आला होता ते का लिहीत नाही? 'स्कॅनिंग चार्जेस' तेवढे ठळक असतात.

तेलकट हात
मी लिहितो. तुम्ही कुठे जाता ते तुमचं तुम्ही बघा.

शंकासुर
रीडर पोर्टात कायमचा लावून ठेवला तर चालतो का? मी तसाच ठेवलाय.

मोजमापे
काढून ठेवा. त्या पोर्टातल्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरी थेट जोडलेली असते, चावी काढली तरी. बरेच स्वस्त रीडर झोपतच नाहीत, थोडा थोडा करंट ओढत राहतात. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी बसते आणि दोष बॅटरीच्या माथी.

माझ्या मते यादीत नसलेली सर्वांत कामाची स्वस्त वस्तू म्हणजे व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करतोय. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा वरखाली होईल, लगेच अल्टरनेटर उतरवू नका.

धागाकर्त्यांनी हवेचं मीटर मोठ्या मनाने कचऱ्यातून वगळलंय. पण 'गाडीत टीपीएमएस (टायरची हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा) आहे, मीटर कशाला' म्हणणारेही इथे आहेत. त्यांच्यासाठी: फायरस्टोनचे टायर फाटून झालेल्या अपघातांच्या प्रकरणानंतर अमेरिकेत आलेल्या नियमात दिवा लागायची अट हवा २५ टक्के कमी झाल्यावरची आहे. ३२ पीएसआय हवी असेल तर २४ होईपर्यंत दिवा गप्प राहिला तरी कंपनी नियमात बसते. टायर थंड असतानाच मोजा, आणि किती हवी ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादा असतो.

मागची सीट
डोंगल आणि पेनवर एवढी शाई सांडताय, मुळात गाडीत जे असायला हवं तेच काढून घेतलंय त्याचं काय?

रात्री, पावसात, टायर गेला. डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी थर्माकोलच्या खाचेत सीलंटची बाटली आणि छोटा पंप. टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, चिरली होती. बाटलीवरच लिहिलंय, साइडवॉलला चालणार नाही. म्हणजे माझ्याकडे कंपनीने दिलेलं एक स्वस्त गॅजेट होतं आणि ते निरुपयोगी होतं. पंधरा-वीस किलो वजन वाचवून कागदावरचा मायलेजचा आकडा त्यांचा सुधारतो, रस्त्यावर मी उभी राहते. टेंपरेचरचा काटा काढला, त्या जागी एक निळा-लाल दिवा. काही गाड्यांत ऑइलची डिपस्टिकसुद्धा नाही. आणि मग आम्हाला ॲक्सेसरीज विका.

अर्धा क्लच
विषय भरकटतोय. पण स्टेपनी असती तरी रात्री पावसात तुम्ही चाक बदललं असतं का? मदतीचा नंबर असतो, फोन करायचा आणि दारं लॉक करून आत बसायचं. असल्या वेळी कुठलं गॅजेट कामाला येत नाही.

मागची सीट
'तुम्ही बदललं असतं का?' हा प्रश्न रविवारचा मेकॅनिक यांना विचारला असतात का? हो, बदललं असतं. आधी बदललेलंही आहे. मदतीच्या नंबरवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत रात्र काढली, म्हणून लिहितेय. हात कमी पडत नाहीत, नट सुटत नाहीत. टायरवाले एअर गनने असे आवळून ठेवतात की डिकीतल्या वीतभर पान्याने काही हलत नाही.

मोजमापे
यात ताकदीपेक्षा लांबीचा प्रश्न आहे. बऱ्याच गाड्यांत चाकाचे नट १०० ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर १०० न्यूटन-मीटर म्हणजे टोकाला सुमारे ४० किलोचा जोर. गनने दुप्पट आवळलं असेल तर ८०, वर गंज वेगळा. तोच पाना अर्धा मीटर लांब घेतला की जोर निम्मा. लांब दांडा आणि बरोबर मापाचा सॉकेट, यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, बिघडायलाही काही नाही. सोडवायचे मात्र चाक जमिनीवर टेकलेलं असताना, जॅक लावण्याआधी.

तेलकट हात
गनने आवळतात कारण मागे गाड्यांची रांग असते. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) द्यायला हवा, देत नाहीत, ते चूकच.

पण स्टेपनीसाठी गळे काढणाऱ्यांनो, तुमच्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी पंक्चरहून वाईट असते. ती बारीक टेंपररी स्टेपनी असेल तर तिला ६० पीएसआय लागते, कित्येकांना माहीतच नाही. कंपनीने काढली नसती तरी तुम्ही तिचं लोणचंच घातलं असतं.

रविवारचा मेकॅनिक
म्हणून तर पंक्चरचं दोरीवालं किट आणि १२ व्होल्टचा पंप ठेवायचा! खिळा उपटा, भोक खरवडा, दोरी ठोसा, हवा भरा, निघा. माझा असा टायर पार गुळगुळीत होईपर्यंत चालला, दोरी तशीच.

तेलकट हात
हेच, हेच ते! 'माझा चालला.' न चाललेले इथे लिहायला येत नाहीत. दोरी बाहेरून जाते, आतून टायर कोणी बघितलेला नसतो. हवा नसताना थोडं जरी चालवलं तरी साइडवॉल आतून कुस्करते, रबराचा भुगा निघतो, बाहेरून टायर देखणा. नीट दुरुस्ती म्हणजे टायर रिमवरून उतरवायचा, आतून तपासायचा, मशरूम पॅच (भोकात देठ आणि आतून टोपी बसणारं ठिगळ) लावायचा. तेही भोक जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल आणि सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तरच.

रविवारचा मेकॅनिक
आणि तो मशरूम पॅच रात्री रस्त्यावर कोण लावणार, तुम्ही? दोरी घरापर्यंत पोचवते.

तेलकट हात
घरापर्यंत पोचवते, इथपर्यंत कबूल. तुम्ही 'गुळगुळीत होईपर्यंत' लिहिलंत. वर जाऊन वाचा.

मागची सीट
साइडवॉल चिरली होती हे मी लिहिलंय. दोरी नाही, सीलंट नाही, मशरूम नाही. स्टेपनी. कोणी वाचतं का इथे?

अर्धा क्लच
मी वाचलं. स्टेपनीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि 'बदललं असतं का' हे मी ज्या सुरात विचारलं तो सूर मागे घेतो. आता समाधान झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ?

यादीत अकराव्या क्रमांकावर 'स्वस्त जॅक स्टँड', म्हणजे जॅकने उचललेली गाडी तोलून धरणारे टेकू, आहेत, यावर कोणी अक्षर बोललं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या साखळीने आपले लाखो जॅक स्टँड परत मागवले, कारण वजन असताना ते घसरून खाली बसू शकत होते. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींचं वेल्डिंग सदोष निघालं, तेही परत. मल्टिमीटर खोटा निघाला तर एक बॅटरी फुकट जाईल. स्टँड खोटा निघाला तर तुम्ही खाली असता.

रविवारचा मेकॅनिक
यावर वाद नाही. मीही नुसत्या जॅकवर कधी गाडीखाली शिरत नाही, आणि काढलेलं चाकसुद्धा गाडीखाली सरकवून ठेवतो. पण मग 'हवेचं मीटर सोडून सगळा कचरा' हे वाक्य तुम्हीच मोडलंत. मल्टिमीटर आला, लांब पाना आला. कोड रीडर कधी येतोय?

अर्धा क्लच
कोड वाचून गॅरेजवाल्याशी न भांडणाऱ्यांसाठी आला म्हणा. तुम्ही त्यात बसत नाही.

शंकासुर
रीडर काढला. माझ्या गाडीतपण स्टेपनी नाही, बाटलीच आहे. ती तरी कामाची की टाकून देऊ?

तेलकट हात
टाकू नका. त्यावर एक्स्पायरीची तारीख असते, ती बघा, गेली असेल तर नवी आणा. बारीक खिळ्याला चालेल, पण नंतर ८० च्या वर जाऊ नका. जमलं तर जुन्या रिमवर पूर्ण स्टेपनी करून घ्या, मॅडम म्हणतात ते खोटं नाही. आणि सीलंट मारलाच तर टायर उघडणाऱ्याला आधी सांगा. न सांगता आणता आणि ते चिकट पाणी आमच्या शर्टावर येतं.