सर क्रीकची रेघ आणि जीपीएसमधले आकडे
1968 च्या निवाड्यात भारत-पाकिस्तानमधली कच्छची हद्द ठरली, मग डहाणू-तलासरीचे खलाशी गुजरातेतल्या ओखा-पोरबंदरच्या मासेमारी बोटींवर पाकिस्तानकडून पकडले जातात ती तांडेलाचीच, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचीच चूक, असं काहीजण म्हणतात. हे अर्धंच खरं. निवाडा कच्छच्या रणापुरता होता, कच्छ आणि सिंधमधली सर क्रीक ही खाडी त्यातून बाहेरच राहिली. पाकिस्तान तेव्हाच्या मुंबई सरकारच्या 1914 च्या ठरावासोबतच्या नकाशातली पूर्व काठाची हिरवी रेघ धरतं, भारत प्रवाहाचा मध्य. खाडीच्या मुखाशी रेघ कुठे संपते तेच ठरलेलं नाही, म्हणून पुढची समुद्रातली हद्दही कराराने पक्की झालेली नाही.

आता चुकांचं. जीपीएसमध्ये अंश-मिनिटं आणि दशांश अंश यांची गल्लत फार महागात पडते. अक्षांश 23 अंश 30 मिनिटं म्हणजे 23.50. तिथे 23.30 भरलं की 12 मिनिटांचा फरक, म्हणजे 12 सागरी मैल, जवळजवळ 22 किलोमीटर! सेटिंग आधी बघा, मगच आकडे भरा. दुसरं, रात्री वाहतं जाळं सोडून इंजिन बंद केलं आणि पाण्याची ओढ 2 नॉटची, म्हणजे तासाला 2 सागरी मैल असली, तर 4 तासांत बोट 8 सागरी मैल सरकते. हद्दीच्या रेघेपासून तेवढं अंतर राखूनच जाळं सोडायला हवं, आणि पहाऱ्यावरच्या खलाशाला जीपीएसचा पडदा वाचता यायलाच हवा. बहुतेक पोरं पहिल्यांदाच समुद्रावर आलेली असतात, त्यांना हे कुणी शिकवत नाही, याचं फार वाईट वाटतं.

घरच्यांनी ओळखपत्राची प्रत आणि बोटीचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. 2008 च्या करारानुसार 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात, पण राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्याशिवाय सुटका होत नाही.