ज्याचं जगणं पाहून तुमच्यात काही बदललं असा माणूस कोण? अनुभव लिहा

दर्यापूरकर

राम राम मंडळी. आपल्याकडं संतांची कमी नाही, गाडगेबाबा शेणगावचे, तुकडोजी महाराज यावलीचे, गुलाबराव महाराज माधानचे, हे तिघंही एकट्या अमरावती जिल्ह्यातले. पण आपण बसलो की चमत्कारच सांगत बसतो. मले ऐकायचं आहे ते जगणं. कोणाचं आयुष्य वाचून, ऐकून नाहीतर डोळ्यानं पाहून तुमच्या भक्तीत, रोजच्या वागण्यात काय फरक पडला ते लिहा. माणूस नावाजलेलाच पाहिजे असं काही नाही, शेजारची आजीही चालते.

माझ्यापासून सुरू करतो. गाडगेबाबा आमच्या घरी फोटोत होतेच, पण मले ते खरे भेटले मुंबईत. आईले कॅन्सर निघाला, टाटाला न्यावं लागलं, तिथं ओळखीचं कोणी नाही आणि लॉजचे भाव ऐकून बाबा तर गपच झाले. मग कोणीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं सांगितलं अन् तिथं जागा भेटली. बिहारचे लोक, बंगालचे लोक, आपले बुलढाण्याचे, सगळे आपापला पेशंट घेऊन. रात्री आई झोपली तेव्हा डोक्यात आलं की हा माणूस १९५६ मध्ये वलगावजवळ गेला, आणि आज त्याच्या नावानं माझ्या आईले टेकायला जागा भेटून राहिली. त्यानं १९०५ मध्ये घर सोडलं ते सोडलंच, अंगावर चिंध्या, हातात गाडगं अन् खराटा, ज्या गावात जाईल तिथं आधी झाडायचं आणि मगच भाकर मागायची. लोकांनी दिलेला पैसा पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेत, नाशिक-आळंदीच्या धर्मशाळांत, आपल्या ऋणमोचनच्या घाटात गेला. आणि तेच काम त्यांच्या मागं त्यांच्या लोकांनी दादरला चालू ठेवलं. पूजा मी आधीही करायचो. आता आंघोळीच्या आधी घरापुढचा रस्ता अन् हापशीभोवतीची जागा झाडतो, आणि खरं सांगतो, देव्हाऱ्यासमोर जे मन लागत नव्हतं ते तिथं लागते.

चांदूरबाजारची ताई

माझ्या जावेच्या पोराले जन्मापासून दिसत नाही. घरात सगळे म्हणायचे, काय करते आता हे पोट्टं, बसवून खाऊ घालायचं. माधान आम्हाला जवळ, तिथं एकदा प्रवचनात गुलाबराव महाराजांचं चरित्र ऐकलं. नऊ महिन्यांचे होते तेव्हा दृष्टी गेली, १९१५ मध्ये गेले तेव्हा वय अवघं चौतीस, आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ! लोक त्यांना वाचून दाखवायचे, ते ऐकून ध्यानात ठेवायचे आणि मग सांगायचे ते दुसरे लिहून घ्यायचे. बाकीचे लोक त्यांच्या बुद्धीला हात जोडत होते आणि मी मात्र त्या वाचून दाखवणाऱ्यांचाच विचार करत घरी आले. त्यांची नावं कोणाले माहीत नाहीत, पण ते रोज बसले असतील ना वाचत! तेव्हापासून रात्री भांडी झाली की मी पोराले ज्ञानेश्वरी वाचून दाखवते. माझं शिक्षण सातवी, अडखळते, तर तोच सांगतो काकू मागची ओवी पुन्हा वाच. बारावा अध्याय त्याचा पाठ आहे. माझी उपासना म्हणाल तर हीच, वेगळी माळ मी ओढत नाही.

मोझरीजवळचा

थोडक्यात लिहितो. गुरुकुंजाला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन होते, हजारो माणसं अन् लेकराच्या रडण्याशिवाय आवाज नाही. माझे आजोबा खंजिरी घेऊन गावोगावी प्रार्थना घ्यायला जायचे, शेतातून आले की हातपाय धुवून सरळ तिकडं. सगळ्या जातीचे एका सतरंजीवर बसवायचे, यावरून भावकीत त्यांना लय बोलणी बसली. त्यांनी कधी उलट उत्तर नाही दिलं आणि सतरंजीही नाही उचलली. मी त्यांच्याकडून तेवढंच घेतलं.

यवतमाळकडची

संतांचं सगळ्यांनी लिहिलं, मी आमच्या गल्लीतल्या मावशीचं लिहिते, नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही. गावात कोणत्याही घरची बाई वारली की शेवटची आंघोळ घालायला मावशीच जाते. जात पाहत नाही, भांडण असलेल्या घरीही जाते, पैसे तर नाहीच पण चहाही घेत नाही. रोजमजुरी करते, त्या दिवसाचं निंदण बुडते म्हणजे मजुरी बुडते. माझी सासू गेली तेव्हा पाणी ओतायला मी होते आणि माझे हात थरथरत होते, मावशी मात्र एका हातानं लुगडं धरून दुसऱ्या हातानं अंग धूत होती, कुठंही उघडं पडू देत नव्हती. मी म्हटलं, मावशी, आता कोण पाहते. तर म्हणे, "तिले लाज नाही राहिली बाई, पन आपल्याले आहे नं." आणि सगळं करताना सासूशी बोलत होती, आता पाठ धुते हं, आता केस विंचरते. मी भागवत सप्ताह ऐकलेत, आत्मा अमर वगैरे पाठ आहे मला, पण मेलेल्या माणसाला इतका मान देताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आता ती मला हाक मारते अन् मी जाते. भीती अजून वाटते, तरी जाते.

वरोऱ्याकडचा

देव मानत नसेल त्यानं इथं लिहिलं तर चालते का? कारण मी मानत नाही. माझ्यासाठी बाबा आमटे. आनंदवन १९४९ चं, ते सगळे सांगतात, पण मला धरून ठेवते ती त्याआधीची गोष्ट. पावसात तुळशीराम नावाचा महारोगी रस्त्याकडेला पडलेला दिसला अन् बाबा घाबरून पळाले. मग आपण भ्यालो हेच त्यांना सहन झालं नाही, परत आले, त्याची सेवा केली, आणि तिथून पुढं सगळं आयुष्य त्याच दिशेनं गेलं. वरच्या ताईंनी भीती वाटते तरी जाते लिहिलं ते वाचून हेच आठवलं.

दर्यापूरकर

चालते म्हणजे काय, लिहाच दादा! मोझरीवाले भाऊ, तुमच्या आजोबांचं एवढ्यात आटपू नका, भावकीत पुढं काय झालं ते सांगा. आणि ताई, पोराचा बारावा अध्याय आमच्या गावच्या सप्ताहात ऐकवता येईल का? जायची-यायची गाडी आमच्याकडून.