हरणासाठी मचाण: झाड कोणतं धरू?

चिंचोका: पेनसिल्व्हेनियात मित्राच्या रानात यंदा पहिल्यांदाच धनुष्यबाण घेऊन बसणार आहे. लायसन्स काढलंय. मक्याच्या कडेला एकटा मोठा ओक आहे, समोर सगळं मोकळं दिसतं. तिथंच ट्री स्टँड बांधू का? शनिवारी नुसता बसून पाहिलं, तर हरणी साठ पावलांवरून फुरफुरली आणि पांढरी शेपटी उभारून पसार.

अण्णा_पिट्सबर्ग: तुला सगळं दिसतं म्हणजे तिलाही तू दिसतोस रे. पण फुरफुरली ती वासाने. मी पहिले दोन हंगाम असेच घालवले, तेही डोक्याला खोबरेल चोपडून! शेताची कड सोड, शंभरेक पावलं आत जा. त्यांची बसायची झाडी आणि मका यांमधली वाट शोध: खुरांचे ठसे, लेंड्या, शिंगं घासून सोललेली साल. दोन वाटा मिळतात तिथून वीस पावलांवर, वारा वाटेकडून तुझ्याकडे येईल असं झाड धर. पांढऱ्या ओकची फळं पडत असतील तर सोन्याहून पिवळं. लाल ओकची जास्त तुरट असतात.

चिंचोका: संध्याकाळी वारा पडला की?

अण्णा_पिट्सबर्ग: गार हवा उताराने खाली ओघळते, म्हणून वाटेच्या खालच्या अंगाला बस. सकाळी ऊन तापलं की उलट.

वऱ्हाडी_बाप्या: आणि हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून झाडाला बांधून ठेवणारा अंगावरचा पट्टा! पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत. धनुष्य मागाहून दोरीने वर ओढ.