काउंटीतील ज्येष्ठ : मेडिकेअर असूनही खर्च का सोसवत नाही?

प्रश्न : अमेरिकेत वयाच्या ६५व्या वर्षी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो, तरीही आमच्या काउंटीतील (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागातील) ज्येष्ठांना उपचारांसाठी पदरचा एवढा पैसा का मोडावा लागतो? काउंटीच्या आरोग्य-पाहणीत नेमके काय विचारावे?

प्रतिसाद १ : मूळ, म्हणजे सरकार थेट चालवते त्या, मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये (डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचारांच्या भागात) साधारणपणे मान्य शुल्काचा २० टक्के वाटा रुग्णाकडेच राहतो आणि त्याला वार्षिक कमाल मर्यादा नाही. नेहमीचे दंतोपचार, चष्मा व श्रवणयंत्र तर त्यात बसतच नाहीत. त्यामुळे कवळी सैल झाली तरी माणसे मऊ तेवढेच खाऊन दिवस काढतात, आणि हा त्रास कोणत्याही बिलात दिसत नाही. पाहणीत तो आवर्जून विचारावा.

प्रतिसाद २ : औषधांबाबत थोडा दिलासा आहे, कारण पार्ट डीमधील (मेडिकेअरच्या औषध-विमा भागातील) औषधांच्या स्वखर्चावर २०२५पासून वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली, जी २०२६साठी २,१०० डॉलर आहे. खरे कंबरडे मोडते ते दीर्घकालीन शुश्रूषेने : केवळ अंघोळ घालणे, भरवणे एवढीच मदत लागत असेल तर मेडिकेअर पैसे देत नाही, आणि हा खर्च उचलणाऱ्या मेडिकेडसाठी (कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या सरकारी योजनेसाठी) बहुतेकांना आधी बचत जवळजवळ संपवावी लागते.

प्रतिसाद ३ : मेडिकेअरची योजना निवडण्यापूर्वी राज्याच्या 'शिप' (मेडिकेअरविषयी मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या) समुपदेशकाशी बोलावे, सल्ला मोफत असतो आणि त्याला काही विकायचे नसते.