जुन्या मुंबईच्या पार्कात ड्रॉप टॉवर शोभेल का?

ट्रामवाली_दहिसर

मंडळी, मदत हवी आहे. मुंबईच्या वेशीवर एक लहान थीम पार्क आहे, तिथे मी डिझाइनचं काम बघते. थीम जुनी मुंबई. कोळीवाड्याचा धक्का, मचवे, गिरणगावातली चाळ आणि रुळांवरून फेरी मारणारी ट्राम. माझे आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, त्या रात्रीबद्दल ते शेवटपर्यंत बोलायचे. म्हणून आमच्या ट्रामची घंटा मी पूर्वीसारखी पायाने दाबायची ठेवली आहे. मुलं पूर्ण फेरीभर चालकाच्या बुटाकडे बघत बसतात.

आता शेठना मोठी राइड हवी आहे, हायवेवरून दिसेल अशी. दोन कोटेशनं आलीत. एक 12 सीटचा ड्रॉप टॉवर, माणसांना उंच नेऊन एकदम खाली सोडणारा. दुसरे, खांबावर वर चढत गोल फिरणारे साखळीचे पाळणे, 24 सीटचे. शेठचा जीव ड्रॉप टॉवरवर. पुरवठादार म्हणतो, गिरणीची चिमणी करू, रंग आमच्याकडे लागला.

रंगाचं मी एकदा भोगलंय. मागे दुसऱ्या एकाकडून बंपर कार घेतल्या, ज्वाळा आणि कवट्या काढलेल्या. बदलून देतो म्हणाला, दिल्या नाहीत. आज व्हिक्टोरियाच्या तबेल्याशेजारी त्या कवट्या फिरतात आणि मला त्या बाजूला जाववत नाही. चिमणीही मनाला पटत नाही, पण शेठना नेमकं कारण काय सांगू?

ठाण्याचा_भटक्या

ताई, नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगला मी दोनदा जाऊन आलोय. 1952 मध्ये तिथे परीकथांचं जंगल उघडलं, त्यावरच पार्क वाढलं. 1981 मध्ये त्यांनी पायथन नावाचा रोलर कोस्टर आणला. चांगला आहे, पोरं रांगा लावतात, पण गोष्ट काहीच नाही. झाडीतून तिथे पोचलो की दुसऱ्याच पार्कात आल्यासारखं वाटतं.

आता तिथलाच 2015 चा 'बॅरन 1898' नावाचा रोलर कोस्टर बघा. 37.5 मीटर सरळ खाली पडायचं. पण तिथे आपण सोन्याच्या खाणीतले कामगार असतो. गाडी काठावर क्षणभर थांबते, खाली खाणीचं काळं तोंड दिसतं आणि आपण त्यातच जातो. खाणीत खालीच जायचं असतं, म्हणून ते पडणं खरं वाटतं.

चिमणीतून धूर वर जातो. माणूस वरून पडण्याचं तिथे कारणच नाही. त्यापेक्षा गोदीची क्रेन करा. माल वर जातो, खाली येतो. टॉवर तोच ठेवा.

माझगावकर_६८

पोरी, मी गोदीत क्रेनखाली उभं राहून इशारे देण्यात आयुष्य काढलं. आमचे शब्द दोन. वर घ्यायला 'हाबेस', खाली सोडायला 'आरिया'. आरिया म्हटलं की माल कसा येतो ठाऊक आहे? इंचाइंचाने. खाली माणसं असतात. माल धाडकन पडला तर गोदीत त्या दिवशी कोणाच्या तरी घरी निरोप न्यावा लागतो. वरच्या भाऊंनी आपुलकीने सुचवलं, पण क्रेनवरून माणसं पाडू नका. आणि चिमणीही नको. माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ती चिमणी थंड पडलेली मी रोज पाहिली आहे. तिच्यावरून कुणी किंचाळत खाली येताना मला नाही बघवणार.

तुझ्याकडे दुसरं कोटेशन आहे की! साखळ्यांना लटकलेलं ओझं सावकाश वर चढतं, मग गोल फिरतं, फिरताना थोडं बाहेर झुकतं आणि तसंच हळू खाली टेकतं. अगं, तीच क्रेन. कापसाच्या गाठी आम्ही अशाच उतरवल्या. ऑपरेटरला माझे दोन शब्द शिकव. पाळणे उचलताना त्याने भोंग्यावरून 'हाबेस' म्हणावं.

राइड_ऑपरेटर_बोरिवली

काकांना नमस्कार. गोराईला एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. खाडी लाँचने ओलांडायची, आमच्यासाठी पहिली राइड तीच. पुढे याच धंद्यात आलो, म्हणून कामाचं सांगतो.

शेठना हिशोब दाखवा. बसवणं, पट्टे तपासणं, उतरवणं धरून एक फेरा 5 मिनिटांचा. 12 सीटला तासाला 144 माणसं, 24 सीटला 288. उंच खांब हायवेवरून दिसणारच.

वाऱ्याचा मीटर खांबाच्या वर बसवा, खाली केबिनवर नाही. कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडली की बंद, मग रांग कितीही असो. विजा चमकल्या तरी बंद. आणि खाडीच्या हवेत साखळी सांभाळा. कडी कडीवर जिथे टेकते तिथेच झिजते, आणि झिजून ती जागा उलट चकचकीत दिसते. साखळी ढिली करून कडी बाजूला सरकवायची आणि तिथली जाडी मापायची. नुसतं बघून पास करणारा मेकॅनिक ठेवू नका.

ट्रामवाली_दहिसर

काका, तुमचं उत्तर मी शेठना मोठ्याने वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग 288 चा हिशोब दोनदा करून घेतला. पाळणेच घ्यायचे ठरतंय. कोटेशनमध्ये वाऱ्याचा मीटर आणि सुट्या साखळ्या लिहून मागितल्या आहेत, रंगाचं कामही करारात घातलंय.

काका, एक विनंती. 'हाबेस' आणि 'आरिया' आम्हाला तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं आहे. पार्कात याल का? येताना नातवंडांनाही आणा.